तिसरं रीळ

इरीत बर्फ पडायला लागला की लोवेल प्रूसाक
तळघरात दोन खुर्च्या मांडतो आणि मला फोन करतो:
ये, एक नवा भिकार सिनेमा सापडलाय.

जिन्यावरच वास येतो, बिघडलेल्या कैरीच्या बरणीचा.
फिल्मही आंबते, हे मला इथे येऊन कळलं.
दोनशे डबे. एकावरही ओळखीचं नाव नाही.
हा त्याला ॲक्रनच्या बंद पडलेल्या बोलिंग ॲलीत मिळाला,
भाड्याच्या बुटांच्या कपाटामागे,
चाळीस डॉलर आणि एक टेबलफॅन देऊन.

टायरच्या दुकानदाराने काढलेला सिनेमा.
तळ्यातून भूत येतं, भुताच्या मनगटावर घड्याळ.
चार वाजून दहा. पुढच्या शॉटमध्ये पावणेबारा.
माइक वरून डोकावतो, भांडण ऐकायला आलेल्या शेजाऱ्यासारखा.
ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात धापा टाकत.
एक कुत्रा येतो, कॅमेऱ्याकडे बघतो, जातो.
कुत्र्यासाठी लोवेल रीळ मागे घेतो. दोनदा.

मी दिवसभर लॅबमध्ये दातांच्या कॅपा घडवते.
कड बोटाला लागता कामा नये, जिभेला तर नाहीच.
जिभेला सगळं कळतं.
काम चांगलं झालं, की मी तिथे होते
हे कुणाला समजत नाही.
इथे प्रत्येक जोड दिसतो.
टेप लावताना कुणाचा तरी केस अडकला,
तो अजून पडद्यावर वळवळतोय.

आता बघ, लोवेल म्हणतो.
नायिका दार उघडून आत जाते
आणि पलीकडून दुसरीच बाई बाहेर येते.
कोट तोच. हिरवा, एक बटण तुटलेलं.
कुणी चकित होत नाही,
नवरा जुन्याच नावाने हाक मारतो.
पहिलीला क्लीव्हलंडला नोकरी लागली म्हणे,
पैसे संपत आलेले,
निभावून नेलं.

मी हसले. मग नाही हसले.
दुसरीला बाह्या लांब होतात, ती त्या सारख्या वर सारते.
स्वयंपाकघरात चमच्यांसाठी भलताच खण उघडते.
हाक आली की वळते, पण जरा उशिरा.

अकरा वर्षं झाली मला या गावात.
मिरजेहून निघालेली बाई
कुठल्या दारातून आत गेली, लक्षात नाही.

रीळ संपतं. शेपूट फटफट आपटत राहतं.
लोवेल दिवा लावत नाही. पुन्हा, विचारतो, पहिल्यापासून?
फक्त तिसरं, मी म्हणते.
ती खण उघडते, तिथून.