उसना

दर महिन्याच्या विसाव्या तारखेला ते कर भरायला येतात,
रोख घेऊनच. बँका अजून त्यांच्या पैशाला शिवत नाहीत.
बटाट्याच्या पोत्यात, बुटांच्या खोक्यात,
एकदा तर तान्ह्या मुलाच्या डायपरच्या पिशवीत
एकोणचाळीस हजार डॉलर. सगळ्या विसाच्या नोटा.

मी लोरिंडा आर्चुलेटा. वाल्डेसा काउंटीची खजिना कचेरी, खिडकी दोन.
दक्षिण कोलोराडोत जानेवारीत पारा उणे अठरावर जातो
तरी मी तावदान उघडं ठेवून मोजते,
नोटांना वास येतो म्हणून.
गांजाचा वास कागदात बसतो, मग स्वेटरमध्ये,
मग रात्री उशीच्या अभ्य्रात.
मोजायचं मशीन तासातासाला अडतं. चिकटा.
रोलरवरून स्पिरिटचा बोळा फिरवायचा
आणि पुन्हा फर्रर्र.

दारात पहाऱ्याला वेन्डल टक, निवृत्त डेप्युटी.
कमरेला पिस्तूल, मांडीवर शब्दकोडं.
एकोणीस वर्षांपूर्वी ह्याच माणसानं हायवेवर
माझ्या भावाची गाडी बाजूला घ्यायला लावली,
काच खाली करवली, नाक आत घातलं
आणि रिपोर्टात लिहिलं : वास आला.
डिकीत निघालं ते एका डब्यात मावेल एवढं.
चार वर्षं, दोन महिने.

गुरुवारी कमिशनर ऑस्टरगार्डबाईंनी पडद्यावर तक्ता लावला.
जमा अमुक लाख. त्यातून शाळेचं छप्पर,
रुग्णवाहिकेचा पहिला हप्ता, वाचनालयाची फिरती गाडी.
आणि हिरव्या अक्षरांत वेगळा रकाना : बचत.
न झालेल्या अटका. न भरलेल्या कोठड्या.
न उभे राहिलेले सरकारी वकील.
"एका कैद्यामागे दिवसाला शंभर डॉलर," त्या म्हणाल्या,
"आपले वाचले."
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
छप्पर खरंच गळत होतं, माझ्या भाचीच्या वर्गात
फळ्याखाली बादली असायची.

घरी आल्यावर विजेच्या बिलाच्या पाठीवर गुणाकार केला.
लीप वर्षाचा एक दिवस धरून एक हजार पाचशे बावीस.
गुणिले शंभर.
एवढा पैसा आमच्या घरात
कुणी कुणावर खर्च केला नव्हता.
आईच्या डायलिसिसवर नाही, माझ्या कॉलेजवर नाही.
एलॉयवर केला सरकारनं, हात न आखडता.

तिसरीत वजाबाकी शिकवताना
मिसेस किन्केड सांगायच्या :
वरचा आकडा कमी पडला
की शेजारच्या घरातून उसना घ्यायचा.
शेजारचं घर म्हणजे कुणाचं,
हे तेव्हा मी विचारलं नव्हतं.
उसनी वाटीभर साखरसुद्धा परत करतात माणसं,
वर शीग लावून.

सुटल्यावर, कायदा बदलल्यावर,
एलॉय त्याच दुकानात नोकरी मागायला गेला होता.
अर्जात एक प्रश्न होता. त्यानं खरं उत्तर लिहिलं.
आता तो छपरांची कामं करतो.
ह्या महिन्यात शाळेच्या छपरावर आहे,
म्हणजे फिरून फिरून माझ्याच खिडकीतला पैसा
त्याच्या पगाराच्या पाकिटात.
मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला,
"तरीच पाकिटाला वास येत होता,"
आणि मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही.

काल दुपारी ट्रकची दुसरी चावी न्यायला तो कचेरीत आला.
वेन्डलनं शब्दकोडं बाजूला ठेवलं, वही पुढे सरकवली.
नाव, वेळ, काम.
एलॉयनं सावकाश लिहिलं. आडनावासकट.
वेन्डलनं वाचलं, चष्मा वर करून परत वाचलं.
मी मोजायची थांबले.
त्यानं नाक उचललं, हुंगलं.
"डांबर," म्हणाला. "शाळेवर आहेस ना?
बर्फ यायच्या आत उरका बाबांनो."
आणि दार धरून उभा राहिला.

वहीच्या पानावर काळा अंगठा उमटला होता.
कामाच्या रकान्यात एकच शब्द : चावी.

किती मोजून झाले होते, विसरले.
पुन्हा पहिल्या नोटेपासून.