दोनच ठेवा

पोलीस ठाण्यातल्या कारकुनाने नियम वाचून दाखवला.
आता तीन चालणार नाहीत, दोनच ठेवा.
तिसरी जमा करा, नाहीतर विका.
इनासकाकाला ऐकू कमी येतं,
म्हणून तो दोनदा 'हो' म्हणाला
आणि घरी येऊन तिन्ही बंदुका
जेवणाच्या टेबलावर मांडल्या, आडव्या,
एकमेकींकडे पाठ करून.

आम्ही मूळ कोलबाडचे.
आता घोडबंदर रोडला, सोळाव्या मजल्यावर.
परवान्यावर कारण अजून तेच: पीक-संरक्षण.
पीक म्हणजे ढोकाळीचं भाताचं खाचर.
तिथे आता तळघरात दोन मजली पार्किंग आहे
आणि रानडुक्कर आलंच
तर वॉचमन आधी त्याची नोंद करील.

निवडायची कशी? मी विचारलं.
मला वाटलं होतं, किंमत. किंवा नक्षीकाम.
'डोळे मीट,' तो म्हणाला, 'खांद्याला लाव. आता उघड.
नजर पट्टीवरून सरळ जाते,
की मान वाकवून शोधावी लागते?
तितर तुझ्या मानेसाठी थांबत नाही.
पायाखालनं उठतो, कापड फाटल्यागत.
छातीत धस्स होतं ना,
तेवढाच वेळ.'

पहिली विलायती दुनळी, बारा बोअर,
कुठल्याशा संस्थानाच्या लिलावातली.
अक्रोडाच्या दस्त्यात नद्यांचे नकाशे.
'ही पाहुण्यांना दाखवायची.
येऊरच्या चढावर, दुपारी दोनला, हिचं वजन कळतं.
आणि डावा चाप तिच्या मनात येईल तेव्हा.'

दुसरी सरकारी कारखान्यातली एकनळी.
रूप नाही, पॉलिश नाही, दस्त्याला एक स्क्रू बाहेरून.
'चिखलात टाक, धुऊन घे, वाजते.
पण एकच बार.
लाव्यांचा थवा उठला की
एक आपला, बाकीच्यांना टाटा.'

मग त्याने माझ्या लेकाचं खोडरबर मागितलं,
स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
ब्लेडने कापून बारीक तुकडे
रिकाम्या काडतुसांच्या बुडाला बसवले,
नळीत सरकवून चाप ओढला.
खट्.
पिनची खूण मधोमध हवी. कडेला पडली
तर ऐन वेळी फक्त ही खट् ऐकू येईल
आणि पाखराला तुझी कीव.
विलायतीची डावी खूण कडेला पडली.
एकनळीची मधोमध.
घरभर स्ट्रॉबेरी.

तिसरी तो शेवटी उचलतो.
बेल्जियमची सोळा बोअर, हलकी,
मोडून मिटली की आवाज असा
जसा जुन्या कपाटाचा कप्पा
बरोबर आपल्या जागी जातो.
दोन्ही खुणा मधोमध.
मी डोळे मिटले, लावली, उघडले:
पट्टी, मणी, आणि बाल्कनीपलीकडे येऊरचा डोंगर,
एका रेषेत.

'हिला काडतुसं?'
'नाहीत. फोर्टातल्या दुकानाने
शेवटची पेटी ब्याण्णव साली दिली.
दोन उरलीत, तांदळाच्या डब्यात.
पुठ्ठ्याची आहेत, फुगली असतील.'

बहात्तरला पाखरं मारायची बंद झाली, कायद्याने.
काका म्हणतो, मी एक हिवाळा आधीच थांबलो.
का, ते त्याने काकीलाही सांगितलं नव्हतं.
नळ्यांना तेल मात्र
दर पहिल्या शुक्रवारी, मिस्सावरून आला की.

विलायती आम्ही चादरीत गुंडाळून रिक्षाने नेली.
रिक्षावाल्याने विचारलं, पडद्याचा दांडा?
मी हो म्हटलं.
कापूरबावडीच्या सिग्नलला
काका तिच्यावर हात ठेवून बसला होता,
जसा आजारी माणसाच्या गुडघ्यावर ठेवतात.

कारकुनाने नंबर ताडून पाहिले, भिंगातून.
'काका, या सोळा बोअरला काडतूस मिळतं का हल्ली?'
'नाही.'
'मग विश्वासाची ती कशी? ठेवता कशाला?'

काका म्हणाला, हो.
थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला,
हो.