तीन सूत

गणपती पेठेच्या टोकाला, मगदुमांच्या दुकानात
बोल्ट किलोवर मिळतात.
पायगोंडा मूठभर तागडीत टाकतो,
काटा बघतो, वर एक घालतो वांग्यासारखा.
मी म्हटलं, मला चारच हवेत
आणि तोलून नकोत.

"कशाला लागतात?"
हेरल्डला. पुढच्या चाकाच्या खालच्या हाताला.
"हेरल्ड? अजून हाय व्हय कुठं?"
आहे. आवटी डॉक्टरांची.
कुपवाडच्या भंगारातून मी आणली, फंडाच्या पैशातून,
आणि घरात दोन महिने
माझ्याशी फक्त कुकरच्या शिट्या बोलल्या.

पर्समधून व्हर्नियर काढला.
साडेनऊच्या किंचित पुढे. म्हणजे तीन सूत.
त्याने दहाचा पुढे केला :
"भोक वाढवा की बाई, अर्धा मिलिमीटरसुद्धा न्हाई."
अर्ध्या मिलिमीटरवर मी पोरींचे गुण कापलेत, पायगोंडा.
तुझ्या बहिणीचेसुद्धा.

मग त्याने कपाटातून काढले ते स्टेनलेस.
"गंजणार न्हाईत. तुमच्या-माझ्या माघारी ऱ्हातील."
चकाकत होते. खोटं कशाला सांगू,
भुलले.

मिरजेत सतारमेकर गल्लीच्या मागे दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज.
पलीकडे कुणी खुंटी पिळत होतं,
तार चढत होती, पुन्हा उतरत होती.
त्याने माझा एक चकाकता बोल्ट शिकंज्यात धरला,
पान्यावर पाइप चढवला, आणि रेटला.
आवाज न करता वाकला तो.
"पंगतीत वाढायला बरा हाय," मिस्त्री म्हणाला.

मग शिकवणी माझी सुरू झाली, स्टुलावर बसून.
आटे कुठपर्यंत आलेत ते बघायचं आधी.
बुशाच्या आत आटा जाता कामा नये,
भार गुळगुळीत दांड्याने झेलायचा,
आट्याने नुसतं धरून ठेवायचं.
मी वहीत लिहून घेतलं. समास सोडून.

रॉकेलच्या डब्यातून जुने चार काढले.
तिघांच्या डोक्यावर कारखान्याचं अक्षर, बोटाला लागणारं.
चौथा टकला. मानेपर्यंत आटेच आटे,
त्याने कंसाचं भोक असं खाल्लेलं
जसं दातांनी कणीस.
कुण्या गाढवानं घातला हा, मी म्हटलं.

तो चिंध्या बोटाने बोल्ट पुसत राहिला.
पलीकडे तार चढली, थांबली.
"म्याच."

एकोणनव्वद साल. वय चौदा. उस्ताद उरुसाला गेलेले.
डॉक्टर दारात, रात्री साडेदहाला,
जतच्या पुढं एक बाई अडलेली.
डब्यात हात घातला, जो आला तो ठोकला.
"सांगितलं हुतं त्यास्नी, तात्पुरता हाय, उद्या बदलतो."

चौतीस वर्षांचा उद्या
त्याच्या तळहातावर, तीन सुताचा.

नवे शेवटी कोल्हापूरहून आले, उद्यमनगरातून,
तेलकट कागदात, काळपट, कुरूप.
डोक्यावर तीन रेघा. मी मोजल्या. त्यानेही मोजल्या.
घातले, पण हातानेच, सैल.
"आवळत का नाही?"
"अधांतरी आवळलं की रबर पिळून मरतंय.
तिला आधी तिच्या वजनावर उभी ऱ्हाऊ दे."
जॅक उतरवला. "बसा आत."

बसले. काच नसलेल्या खिडकीत कोपर ठेवून.
खाली तो पाना ओढत होता,
प्रत्येक हिसका सीटमधून माझ्या मणक्यात येत होता,
चार वेळा, मग पुन्हा चार.

टकला बोल्ट मी मागितला. दिला नाही.
शर्टाच्या खिशात टाकला, विड्यांच्या बंडलाशेजारी.

निघताना विचारलं, त्या बाईचं काय झालं हो?
"कुणाला ठावं. पहाटं डॉक्टर आले,
किल्ली फेकली आन् झोपाय गेले.
चाकात बाभळीचे काटे हुते.
सतरा काढले. तेवढं ध्यानात हाय."