पार्श्वभूमी : निरंक

खोका उघडला की आधी वास येतो.
ग्रीस, ओलं लाकूड, आणि आणखी काहीतरी,
ज्याला आमच्या फॉर्मात रकाना नाही.

खापरीच्या पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये,
मे महिन्याचे सेहेचाळीस अंश.
कूलर गरम हवाच ओली करून देतो.
शाळेत असताना झिरो माइलचा दगड वाचायला नेलं होतं :
चांदा, रायपूर, जबलपूर, हैदराबाद,
सगळ्यांची अंतरं कोरलेली.
समुद्राचं नाही.

तरी तो येतो. महिन्यातून दोनदा, ट्रकनं,
सुट्या भागांच्या खाचाखोचांत पांढरा होऊन :
बेअरिंगच्या कडेला, बोल्टच्या आट्यांत,
दाराच्या बिजागरीत.
पहिल्या वर्षी मी बोट लावून चाखला होता.
कोणाला सांगितलं नाही.

आज आली ती तार.
करंगळीहून बारीक, पाऊणशे मीटर,
आत पोलादाचे एकशे तेहेतीस धागे.
हेलिकॉप्टरच्या दारातून खाली जाते,
तिच्या टोकाला आकडा,
आकड्याला माणूस.
कार्डावर, उचल : चारशे बारा.
पुढे पेन्सिलीनं चारशे तेरा, आणि प्रश्नचिन्ह.
काढण्याचं कारण : शंका.

तार नंदनवार तपासतात.
टांडापेठेतले, कोष्ट्याचे. आजोबांचा माग विकला
त्याच वर्षी हे आयटीआयला लागले.
मशीन आहे, पण आधी ते सुती चिंधी घेतात,
मुठीत तार धरून चालत जातात, डोळे मिटून.
जिथं एखादा धागा तुटलाय
तिथं चिंधी अडते.

एकेचाळिसाव्या मीटरला अडली.

पिळात निळा नायलॉन. जाळ्याचा तुकडा,
बोटाच्या पेराएवढा, मधोमध गाठ.
मी चिमटा पुढे केला.
त्यांनी घेतला नाही. चष्मा कपाळावर चढवून
बघत राहिले.
"मॅडम, हे तं आमची गाठ आहे."
"कोणाची?"
"कोष्ट्यायची. तुटला धागा जोडाची.
आज्यानं मले पहिली हेच शिकवली."
खिशातून दोरा काढला, बांधून दाखवली,
न बघता.
तशीच. वळसासुद्धा त्याच बाजूचा.

कुठल्या बंदरात कोणी विणलं,
बोट उलटताना ते कोणाच्या मनगटाला गुंडाळलं होतं
की नुसतं लाटेवरून आलं,
वर घेताना तार हलकी लागली की जड,
पेन्सिल कोणाची —
कार्ड सांगतं तारीख, वारा, तास.

नियम सोपा आहे. अडकलेलं सापडलं तर नोंदवायचं.
मी लिहिलं : परकी वस्तू, एक.
"परकी काऊन लिहिता जी?"
फॉर्मात दुसरा शब्द नव्हता.

चार वाजता तार कापली, वीत-वीत तुकडे,
म्हणजे चुकूनही पुन्हा कोणी लावणार नाही.
गाठ पाकिटात, पाकीट रेकॉर्डला, सात वर्षं.
"मंग?" नंदनवारांनी विचारलं.
मग मलाही माहीत नाही.

संध्याकाळी रत्नागिरीसाठी नवं रीळ भरलं.
कोरडं, चकचकीत, कशाचाच वास नाही.
उचल : शून्य.
पार्श्वभूमीच्या रकान्यात मी लिहिलं, निरंक,
सही केली, शिक्का शोधत होते
तर शिक्क्याच्या डबीखाली
त्यांचा दोरा राहिलेला, गाठीसकट.
ओढून पाहिला.