वरचं

रात्री साडेअकराला माग थांबतात,
आणि अक्कलकोट रोडवर कानांना काही सुचत नाही.
मी ऑफिसात बसते, म्हणजे सूत ठेवायच्या खोलीत,
आणि चादरीचं भाषांतर करते.

अकराशे पन्नास रुपयांची मोरपंखी डबल
अमेरिकेत तेरा डॉलर सेहेचाळीस सेंट होते, वर आणखी थोडी चिल्लर.
जर्मनीत अकरा युरो शहाऐंशी.
कुवेतच्या दिनाराला टिंबानंतर तीन घरं,
तिथे ती चार पूर्णांक एकशे सदतीस;
म्हणजे कुणीतरी अजून हिशेबाला जागतंय.
जपानला एकही घर नाही.
येनपुढे टिंब दिलं की दुकान लाल होतं.

असली उघडी किंमत परक्या माणसाला दाखवू नये म्हणतात.
तेरा सेहेचाळीस वाचलं की त्याला वाटतं,
कुणीतरी कोपऱ्यात बसून आकडे मोडतंय.
(बसलेय की.)
म्हणून एक चौकट दिलीय, तिच्यात खूण करायची:
गोल करा. वरच्या बाजूला. शेवट नव्व्याण्णव.

केली.
तेरा नव्व्याण्णव. अकरा नव्व्याण्णव. सरळ दोन हजार येन.
आकडे एकदम इस्त्री केल्यासारखे.

नायना मागे येऊन उभे, चष्मा कपाळावर.
“बिड्डा, हे मधले त्रेपन्न कुणाचे?”
“रेट वरखाली होतो. बँक कापते. त्यासाठी राखून.”
“आणि कापून उरले तर?”
मी स्क्रीन जराशी वळवली.
मग ते बोललेच, बोलणारच होते:
ताण्यात चोवीसशे धागे म्हणजे चोवीसशे.
एक तुटला तर माग थांबवायचा, गाठ मारायची.
तेवीसशे नव्व्याण्णवला चादर म्हणू नये.

मी गप्प बसले.
खूण काढली नाही.

शनिवारी पगाराची वही माझ्याकडे आली, नायनांना ताप होता.
बालामणीच्या कांड्या काट्यावर ठेवल्या:
नऊ किलो सातशे ऐंशी.
कसं लिहायची पद्धत आहे ते बघावं म्हणून मागचं पान उलटलं.
नऊ. अकरा. दहा. नऊ. अकरा.
त्यामागचं पान.
कपाटातली त्यामागची वही.
नायनांचं अक्षर मोत्यासारखं,
एकाही आकड्यापुढे टिंब नाही.
चौदा वर्षं इथे जपान चाललाय.

म्हणजे चौकट आमच्याकडेही होती,
खूणही केलेली होती,
फक्त बाण खाली.

माझ्या खणात महिन्याचं वरचं पडून होतं:
चौतीस पार्सलं, बँकेचं कापून नऊशे बारा रुपये.
पाकिटात घातले, बालामणीपुढे धरले.
“हे कशाचं?”
“वरचं.”

बालामणी आधी विड्या वळायची, अजून घरकुलातच राहते.
हजार विड्या नेल्या की मूठभर छाट म्हणून बाजूला काढायचे,
हजार भरायला पुन्हा वळायच्या,
आणि छाटही परत मिळायची नाही.
गोल आकडा लांबून येताना दिसला तरी तिला कळतो.
तिनं पाकीट उघडलं नाही.
बोटाला चिकटलेला कापूस पदराला पुसला,
काट्याकडे हनुवटी केली.
“वरचं नको मला.
तिथं दिसतंय ते लिही.”

लिहिलं.
नऊ, टिंब, सात, आठ, शून्य.
शून्यसुद्धा लिहिलं.
पाकीट अजून खणात आहे, कुणाच्या नावानं ठेवू ते सुचत नाही.

आत नायना खोकले.
ताप किती म्हणून विचारलं, तर
थर्मामीटर उजेडाकडे धरून, डोळे बारीक करून म्हणाले,
“एकशे एक
पूर्णांक चार.”