लोटाच्या बायकोची ओळ

बायबलात तिला नाव नाही, वाक्यही नाही.
म्हणून आमोस मधाळे सरांनी
अख्ख्या रचनेत तिला दिला एकच स्वर,
शब्दाविना, कोमल धैवत, दम संपेपर्यंत.

मिरजेत, चर्चच्या मागच्या खोलीत तालीम.
पलीकडच्या गल्लीत तंबोऱ्यांचे भोपळे वाळत घातलेले,
आणि आमच्या पेटीची एक पट्टी दिवाळीपासून मुकी.
टेनर दोघेच उरलेत. बाकीचे पुण्याला.

'पळ,' बेस गातात, 'जीव घेऊन पळ,
मागे पाहू नको.'
'मागे पाहू नको,' आम्ही आल्टो, अर्ध्या मात्रेनं उशिरा.
सर म्हणतात, उशीर मुद्दाम आहे,
सांभाळा त्याला.

रत्नप्रभा सिस्टर खिडकीशी.
खिडकीतून दिसतो दवाखाना :
कुलूप लावलेला वॉर्ड, व्हरांड्यात उलटी टाकलेली कॉट.
चौतीस वर्षं रात्रपाळीला तिथं
त्यांनी सलाइनचे थेंब मोजले
घड्याळ्याच्या काट्यावर, ओठांतल्या ओठांत.

'सिस्टर, इथं मान वळवायची. मग स्वर.'
त्यांनी चष्मा पदराला पुसला.
'वळवायची कशाला, सर?
मी तिकडंच तोंड करून उभी आहे की.'

कुणी हसलं नाही.
सरांनी कागदावर काहीतरी खोडलं,
आणि पुन्हा सुरुवातीपासून.
ह्या वेळी धैवत आधीच आला,
मनाईच्या आधी,
आणि बेसना आपली ओळ
त्याच्याखाली चाचपत शोधावी लागली.

मग चहा. शांतवननं कागदात आणलेले
खारे शेंगदाणे.
घरी जाताना कुणी बोललं नाही फारसं,
बोटं चाटत होतो.