छाट

केंद्राला तीन खोल्या मिळाल्या, एक जिन्याखालची.
पाटीवर ‘अभिजात’ सोनेरी,
पुढे रंग संपला म्हणून ‘अभ्यास’ निळा.
सोलापुरात मार्चलाच बेचाळीस.
एसी आहे तो ताडपत्रांच्या कपाटाला,
म्हणून आम्ही आळीपाळीनं कपाट उघडतो
आणि काहीतरी शोधत राहतो.

लचमव्वा गाजेंगी आली ती अशाच दुपारी,
विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून,
मांडीवर सूप, सुपात टॉवेल,
टॉवेलात एक लाकडासारखी घट्ट पोथी.
“माळ्यावर हुती. घर पाडायलेत.
मामांच्या तातांची म्हणं.”

हत्तुरे सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
पानं उकलत नव्हती.
पुण्याला पाठवावी लागेल, म्हणाले, अर्ज, मंजुरी,
दोन वर्षं धरून चाला.
लचमव्वानं पोथी नाकाशी नेली.
“पाणी हाय की अजून ह्यात,” म्हणाली,
“एक गोणपाट द्या. आन् घाई करू नका.”

तेंदूचं पान असंच वागतं म्हणे:
कोरडं ओढलं की फाटतं, फार भिजलं की काळं पडतं,
रात्रभर ओल्या कापडाच्या शेजारी ठेवायचं,
कापडात नाही. शेजारी.
सर आधी नको म्हणाले, मग एकाच कोपऱ्याला हो म्हणाले,
मग पहारा देत स्वतःच झोपले खुर्चीत.
सकाळी तिनं अंगठ्याचं नख घातलं
आणि पान सुटल्याचा आवाज आला,
इतका बारीक, की पंखा बंद करून
आम्ही दुसऱ्या पानाची वाट पाहिली.

तेवीस पानं.
सरांना हरवलेलं काव्य हवं होतं,
निदान एखादी टीका, अगदीच नाही तर स्तोत्र.
निघालं ते हिरडा किती, तुरटी किती,
तांबड्यासाठी सूत किती वेळा बुडवायचं,
आणि कुणी वीरय्या, सात लड्या उधार नेऊन
दिवाळीलाही न फिरकलेला.
शेवटच्या पानावर मात्र एकच ओळ.
त्या साली पाऊस नव्हता, आणि रंग…
पुढे तीन अक्षरांचा शब्द.
मधलं अक्षर कसरीनं खाल्लेलं.

मी त्या शब्दाला बसले.
भिंगातून, तिरप्या उजेडातून, कोश उलटे पालटे करून.
तेलुगू येणारे म्हणाले कन्नड असेल,
कन्नड येणाऱ्यांनी तेलुगूकडे बोट दाखवलं.
लचमव्वा दर शनिवारी यायची, माल देऊन परत जाताना.
“दिवसाला किती शब्द हुतेत तुमचे?”
“ह्या एकाला पाच महिने झाले.”
ती हसली, पदर तोंडाला लावून, खोकला येईपर्यंत.
“आमच्याकडं हजार वळले की चेकर
शंभर-दीडशे छाटात काढतो.
छाटाचं पैसं नाहीत.
विडी मातर तोच ठिवून घेतो.”

त्याच आठवड्यात सरांनी अहवाल भरला होता.
अभिजात मूल्य: आढळले नाही.
हस्तलिखित: केंद्राच्या ताब्यात.
मीच टाइप केला होता तो. दोन ओळींमध्ये
काही खुपलं नव्हतं मला तेव्हा.

पावती द्यायला पुस्तकच नव्हतं आमच्याकडे.
जिन्याखालून जुनं लेटरहेड शोधलं,
पानं तेवीस, लिहिलं, दोरा सुती, मूळचा.
ग्रंथकर्ता?
“नाव कुणाला ठावं. रंगाचा तात म्हणायचे.”
तसंच लिहिलं.
परत हवी असल्यास — इथे पेन थांबलं,
ती माझ्याकडे बघत होती,
वाचता येत नसूनही नेमकं तिथंच बघत होती —
कधीही, असं लिहिलं, आणि शिक्का मारला.

कागद घडी करून तिनं तंबाखूच्या डब्यात ठेवला.
जिन्यात वळून म्हणाली,
“त्यो शब्द लागला की सांगा.
नाही लागला तर शनिवारी हायेच मी.”

आज मंगळवार. कपाट उघडं आहे,
सर त्यात काहीतरी शोधताहेत.
मी गोणपाटावर पाणी शिंपडते.